मामांचं कुटुंब नमुन्यात

माझे मामा किल्ल्या बनवतात आणि त्यांचं कुटुंब विद्यापीठाच्या पाहणीच्या नमुन्यात आहे. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना फार अभिमान. दर काही वर्षांनी तिथली माणसं येतात आणि घरात कोण काय करतं, कोण काय ठरवतं ते विचारून जातात. "एवढ्या घरांतून आपलंच निवडलं," मामा येईल त्याला ऐकवत. "नमुना म्हणून तुम्हाला निवडलं यात नवल ते काय," मामी म्हणायची.

सुरुवातीला संशोधक फक्त मामांनाच विचारत. निर्णय कोण घेतं? "मी," मामा सांगत, आणि आत मामी भांडं आपटे. पुढे मामी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली, तसे प्रश्नही पालटले. भांडी कोण घासतं, असं त्यांनी थेट मामांनाच विचारलं. "दोघं मिळून," मामांनी ठोकून दिलं. मामी समोरच बसली होती. तिला हसू आवरेना.

आता मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, मुलगी परदेशात. तिच्या बाळंतपणाला गेलेली मामी आठ महिने झाले तरी तिकडेच, कारण जावई-लेक दोघंही कामावर जाणार, मग बाळाला बघणार कोण? अशात संशोधक बाईंचा फोन आला, रविवारी दुपारी येते. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. एकट्या माणसाला कुटुंब कोण म्हणणार? नमुन्यातून नाव कटणार! ते तडक माझ्याकडे आले.

"तू मुलगा म्हणून बस."

"आणि मामी?"

"दूध आणायला गेलीय म्हणू."

आठ महिने दूध आणणारी बाई मी तरी पाहिली नव्हती. पण मामांपुढे कुणाचं काही चाललंय का? त्यांच्या मुलाचा शर्ट घालून बसलो.

बाई आल्या. "घरात जेवायला किती जण असता?"

"तिघं," मामा म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो बंद करायच्या गडबडीत त्यांनी भलतीकडेच बोट लावलं आणि पडद्यावर मामी उगवली.

"जेवलात का? आणि हा भाचा आपल्या पोराचा शर्ट घालून काय करतोय तिथं?"

मी खाली बघितलं. मामांचा चेहरा पडला. "खोडा आमचं नाव," ते बाईंना म्हणाले. "मी एकटाच असतो इथं."

बाई हसल्या. "नाव कशाला खोडू, काका? आता कितीतरी घरं अशीच झालीत. म्हणून तर यंदा प्रश्न बदललेत."

मामांचा जीव भांड्यात पडला. लगेच ताठ बसले. "मग विचारा की!"

"एकटं वाटतं का कधी?"

"छे! कधीच नाही."

"खोटं बोलताहेत," फोनमधून मामी म्हणाली. "रोज फोन ठेवायची वेळ आली की उगाच कुलपांचे भाव सांगत बसतात. मला काय करायचंय त्या भावांशी? पण मीसुद्धा ऐकत बसते."

"काका, मग काय लिहू?" बाईंनी विचारलं.

मामांनी फोनमधल्या मामीकडे पाहिलं. जन्मभर मामीचं प्रत्येक उत्तर खोडून काढणारा हा माणूस!

"ती सांगते तेच लिहा," मामा म्हणाले.