नुसरतुल्लो मुअल्लिमांचा नकार

प्रमाणित करण्यात येते की नागरिक नुसरतुल्लो, राहणार इस्तरवशन, निवृत्त साहित्यशिक्षक, हे कविता, निरोप, उसासे व मौन यांचे अर्थ लावण्यास मोहल्ल्यात एकमेव सक्षम आहेत. त्यांनी लावलेला अर्थ अंतिम राहील.

असा दाखला कुणी दिलेला नव्हता, पण मुअल्लिम, म्हणजे हे गुरुजी, वागायचे तसेच. त्यांच्या बायकोला, साओदतला, याचा वीट आला होता. शेजारणीनं वाटीभर मुरंबा पाठवला तरी हे विचारणार, "आजच का पाठवला असेल?"

आता प्रश्न लेकीचा होता. गुलअफ्रूजचा जीव सुताराच्या सियोवुशवर जडलेला. त्याच्या घरचे मागणी घालायला दोनदा येऊन गेले. पहिल्या खेपेला 'पोर अजून लहान आहे' म्हणायचंच असतं, सगळेच म्हणतात. मुअल्लिम दुसऱ्या खेपेलाही तेच म्हणाले. का, तर काव्यात नकार लांबला की ओढ वाढते.

"ओढ वाढेल हो. पण तिसऱ्यांदा नाही म्हटलं की चौथ्यांदा कुणी उंबरा चढत नाही," साओदत म्हणाली. "पोरगी म्हातारी व्हायची तुमच्या काव्यात."

तिसऱ्या खेपेला मुलाची आत्या अंबर आली. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर नान मांडलेले. घरधन्यानं त्यातला एक मोडला की सोयरीक पक्की. मुअल्लिम खूश व्हावेत म्हणून आत्यानं दोन ओळी म्हटल्या:

"बुलबुल आलाय तुमच्या कुंपणाशी,
फूल द्या, नाहीतर काटा द्या."

नानकडे निघालेला मुअल्लिमांचा हात थांबला. "काटा? शुभकार्यात काटा कशाला? यात विरहाची छटा आहे. आडून काही सुचवायचंय का?"

"मी काय सुचवणार, मुअल्लिम? आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर छापलंय."

"मग छापणाऱ्याच्या मनात काहीतरी असणार."

आत्यानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि ती उठली. "साओदत आपा, नाही म्हणायचं तर सरळ म्हणा. आम्ही रंधा मारणारी माणसं. आम्हाला हे शब्द तासणं कळत नाही."

साओदतनं नवऱ्यापुढचा नान उचलला, मोडला आणि अर्धा आत्याच्या हातात ठेवला.

"अगं, हा मान घरधन्याचा," मुअल्लिम पुटपुटले. "लोक याचा काय अर्थ लावतील?"

"लावू देत. तुम्ही खा."

आत्या परत बसली. लग्न जर्दाळूचा हंगाम संपल्यावर करायचं ठरलं. तारीख ठरवताना मुअल्लिमांना कुणी विचारलं नाही.