तासभराच्या पाण्याची माफी

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, सांभाळून घ्या.

धाराशिवच्या आमच्या गल्लीत पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारे काका प्रत्येक वाक्यागणिक हातातली लोखंडी चावी जमिनीवर आपटतात. त्यांचा भाचा जर्मनीत असतो.

"तिकडं तासभर पाणी बंद ठेवलं, तर दारावर चिठ्ठी लावून माफी मागितली! इथं मी आठ दिवसांनी सोडतो, तर लोक माझ्याच पाया पडतेत!"

परवा पाणी आलं तेव्हा एका आजींनी व्हॉल्व्हपुढं नारळ ठेवला. काकांनी तो उचलून त्यांच्या हातात दिला.

"नारळ कशाला, आज्जी? तक्रार करा की!"

मग माझ्याकडून नगरपालिकेच्या नावे तक्रारीचा अर्ज लिहून घेतला आणि पहिली सही स्वतः केली.

अर्जाला उत्तर नाही. काल काकांना मात्र ठेकेदाराचा निरोप आला, उद्यापासून कामावर येऊ नका.