कबड्डीची शिट्टी रग्बीच्या मैदानावर

करमाडच्या रत्नमालेनं कितीतरी वर्षं कबड्डीत पंचाचं काम केलं होतं. चढाईला आलेली पोरगी पकडली गेली की शिट्टी, हे तिच्या अंगात पार भिनलेलं. त्यामुळं रग्बीची पंच म्हणून ती पहिल्यांदा मैदानात उतरली, तेव्हा व्हायचं तेच झालं. चेंडू घेऊन पळणारी मुलगी पडली रे पडली, की हिची शिट्टी! रग्बीत पडलेलीनं चेंडू सोडायचा आणि खेळ पुढं चालू राहायचा, हे तिला तोंडपाठ होतं. पण सवयीपुढं कुणाचं चालतं?

"मॅडम, खेळू देता का घरी जाऊ?" मुकुंदवाडीच्या संघातली एक पोरगी वैतागून म्हणाली. मैदानाबाहेर हशा पिकला.

सामना संपला तशी रत्नमाला खाली मान घालून कडुबासरांकडं गेली. नवे पंच घडवायचं काम त्यांच्याकडं होतं.

"सर, दुपारचा सामना दुसऱ्या कुणाला द्या. मला नाय जमायचं."

"काय काय चुकलं?"

"लई चुकलं. शिट्टी, उभं राहायची जागा, हाताचे इशारे..."

"मग सगळं एकदम कसं सुधारंल? दुपारी एकच धर. शिट्टी तोंडात ठेवू नको, हातात ठेव. हात वर जाईस्तोवर डोकं इचार करतं. बाकीचं चुकलं तर चुकू दे. पण हे बी नाय जमलं, तर मीच सांगंन, बाई, आपली कबड्डीच बरी."

दुपारी पहिलीच मुलगी पडली आणि रत्नमालेचा हात वर निघाला. छातीपाशी थांबला. पडलेलीनं चेंडू सोडला, मागून आलेल्या तिच्याच संघातल्या श्रेयानं तो उचलला आणि दोघींना हुलकावणी देऊन थेट शेवटच्या रेषेपलीकडं जमिनीला टेकवून गुण मिळवले. टाळ्या पडल्या. रत्नमालेच्या जिवात जीव आला.

पुढं एकीनं पळणारीच्या मानेला मिठी घातली. तेव्हा मात्र शिट्टी कडाडली.

"मॅडम, आता कशाला थांबवलं?" मिठी घालणारीचे प्रशिक्षक बाहेरून ओरडले.

"मान मोडल्यावर थांबवू का?" रत्नमाला म्हणाली.

सामना संपल्यावर कडुबासर गंभीर चेहऱ्यानं आले. "दोनदा चेंडूच्या वाटेत उभी होतीस."

"व्हय सर."

"ते उद्याच्या सामन्यात बघू."

उद्याच्या! रत्नमाला होती तिथंच गवतावर बसली.

"सर, पाणी हाये का कुणाकडं? सकाळपासून घोट उतरला नाय."