चष्म्याचं वाक्य

आमच्या हौशी मंडळाच्या तालमी दर रविवारी सकाळी खांदा कॉलनीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चालायच्या. नाटक नवं होतं. लेखक माझा जुना मित्र, बँकेत कॅशियर. संहिता तो अर्धीच लिहून आणायचा. प्रसंग सांगायचा, आम्ही सुचेल ते बोलायचो आणि त्यातलं आवडेल ते तो वहीत उतरवायचा.

नाटकातला भाऊ बहिणीला फसवून तिचा जमिनीवरचा हक्क काढून घेतो. भाऊ मी होतो. "शेठ, तुमची तर जमीनच होती. तुम्हाला अभिनयाचा त्रास नको," असं लेखक म्हणाला तेव्हा सगळे हसले. मीही हसलो.

सहीचा प्रसंग आला. बहिणीचं काम करणाऱ्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "थांब रे, चष्मा घरी राहिला. वाचू तरी दे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चष्मा कशाला हवा ताई? मी वाचलंय ना."

"काय वाक्य दिलंत शेठ!" म्हणत लेखकाने ते लिहून घेतलं.

ते मला सुचलेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी नोंदणी कार्यालयात मी माझ्या सख्ख्या ताईला हेच बोललो होतो. वारसांची नावं लावायची आहेत, असं सांगून तिला चिरनेरहून आणलं होतं. कागद हक्कसोडपत्राचा होता. वडिलांच्या सुकापूरच्या त्या जमिनीवर आता सात मजले उभे आहेत. ताईने त्यावर एक शब्द विचारलेला नाही. दर भाऊबीजेला ती ओवाळते, आणि पाटावर बसलो की मला वाटतं, आज विचारेल.

मी लेखकाला ते वाक्य काढायला सांगितलं. पण तोवर संहिता पूर्ण होऊन तिच्यावर सेन्सॉरचा शिक्काही बसला होता. "आता शब्द हलणार नाही शेठ. आणि तेच काढलं तर उरतं काय?"

रंगीत तालमीला घरच्यांना बोलावण्याची आमची रीत आहे. मी ताईला कळवलं नव्हतं. बायकोने कळवलं. ताई पहिल्या रांगेत येऊन बसली, चष्मा लावून.

सहीच्या प्रसंगात मी भलतंच बोललो, "वाचून काय करणार ताई, उशीर होतोय."

"शेठ, वाक्य चुकलं. मागून पुन्हा घ्या," लेखक खालून ओरडला.

दुसऱ्यांदा शब्दच फुटेना. त्याला वाटलं, मी विसरलो. त्याने मोठ्याने आठवण दिली, "चष्मा कशाला हवा ताई..."

"बोल ना भाऊ," पहिल्या रांगेतून ताई म्हणाली. "तवा तर नाय अडखळलास."

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. शिक्षिकाबाई पेन धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाक्य बोललो.

ताई शेवटपर्यंत बसली. निघताना तिने लेखकाला प्रयोगाचा दिवस आणि वेळ विचारून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरांना घेऊन येते. त्यांना पन आयकू दे."