रेजिना टीचर आणि त्यांची राक्षसीण

भुईगावच्या रेजिना टीचर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचं वजन ब्याऐंशी किलो होतं. ज्युदोचा काळा पट्टा कमरेला जेमतेम पुरायचा. दर डावाआधी तो दोन्ही हातांनी वर ओढायची त्यांना सवयच लागली होती. संध्याकाळी मागच्या अंगणात गाद्या टाकून त्या गावातल्या मुलींना माणूस कसा आपटायचा ते शिकवत. त्या वेळी त्यांचा नवरा ऑस्टिन केळीच्या बागेतून मुद्दाम वळसा घालून पुढच्या दाराने घरात शिरे.

त्यांचा जुना विद्यार्थी कौस्तुभ विरारच्या एका ॲनिमेशन कंपनीत होता. एक दिवस तो आला नि म्हणाला, "टीचर, लढवय्या राजकन्येचा सिनेमा करतोय. तुम्ही डाव करायचे, कॉम्प्युटर ते टिपणार, आणि राजकन्या तुमच्यासारखी हलणार."

टीचर हरखल्या. तीन दिवस त्यांनी अंगभर चमकत्या गोळ्या चिकटवलेला काळा, घट्ट पोशाख घातला. ऑस्टिन फोटो बघून म्हणाला, "नाताळच्या झाडासारखी दिसतेस." डाव झेलायला समोर उभ्या केलेल्या कंपनीतल्या अश्लेषाला टीचरांनी एकोणीस वेळा आपटलं. विसाव्या वेळेआधी ती जेवायला गेली, ती परत आलीच नाही.

दोन महिन्यांनी त्यांना राजकन्या दाखवायला बोलावलं. पडद्यावरच्या मुलीची कंबर ऑस्टिनच्या मनगटाएवढी, केस गुडघ्यापर्यंत मोकळे, पायात उंच टाचा. छातीला लोखंड आणि पोट उघडं.

"हे काय घातलंय?" टीचरांनी विचारलं.

"चिलखत," कौस्तुभ पुटपुटला.

"मग पोट का उघडं? तलवार काय विचारून येते?"

कंपनीचे मालक श्रीरंग शेजारीच बसले होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, लोकांना असंच आवडतं."

टीचर उठल्या, सवयीने कमरेला नसलेला पट्टा वर ओढला, श्रीरंगांची बाही धरली आणि त्यांना अलगद कमरेवर घेतलं. आपटलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

"आता सांगा, तुमचा भार कशावर आहे?"

"तुमच्या कमरेवर," श्रीरंग हवेतून म्हणाले.

"तुमच्या राजकन्येला ती दिलेलीच नाही."

त्यानंतर राजकन्येचे केस बांधले गेले, पोट झाकलं गेलं, टाचा गेल्या. कंबर मात्र तेवढीच राहिली, कारण तिच्या विकायच्या बाहुल्यांचे साचे आधीच तयार झाले होते.

सिनेमा लागला तेव्हा टीचर ऑस्टिनला आणि सगळ्या मुलींना घेऊन गेल्या. मध्यंतरापर्यंत राजकन्या गोड गोड लढली. मग किल्ल्याच्या दारात एक राक्षसीण आली. रुंद, भारदस्त, केसांचा घट्ट अंबाडा. तिने दोन्ही हातांनी कमरपट्टा वर ओढला आणि पहिला शिपाई खंदकात भिरकावला.

रांगेतल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी जेनिफर नावाची मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, ही तुम्ही आहात."

"गप्प बघ," टीचर म्हणाल्या. पण त्यांचे कान लाल झाले होते.

राक्षसिणीने बावीस शिपाई फेकले. थिएटरभर पोरं टाळ्या पिटत होती. शेवटी राजकन्येने तिला एका बोटाने ढकलून पाडलं, तेव्हा टीचर उभ्याच राहिल्या. "असं कोणी पडत नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. मागच्या माणसाने त्यांना खाली बसायला सांगितलं.

बाहेर कौस्तुभ खाली मान घालून उभा होता. "टीचर, तुमची चाल राजकन्येला शोभेना. पण श्रीरंग सरांना ती टाकवेना."

"म्हणजे बारीक बाई चांगली आणि जाड बाई राक्षसीण," टीचर म्हणाल्या. त्यांना खरंच लागलं होतं. घरी जाताना रिक्षात ऑस्टिन म्हणाला, "मला तर तीच आवडली." त्या रात्री त्याच्या पानात माशाचा मधला तुकडा पडला.

सोमवारी अंगणात नऊ नव्या मुली येऊन उभ्या राहिल्या. दोघींच्या आयाही पदर खोचून आल्या होत्या.

"काय शिकायचंय?" टीचरांनी विचारलं.

"राक्षसिणीचा डाव," एक एवढीशी मुलगी म्हणाली.

टीचरांनी पट्टा वर ओढला. मग गाद्या झटकल्या आणि म्हणाल्या, "पहिले पंधरा दिवस फक्त पडायचं. नीट पडता आलं की बघू."

पंधरा दिवसांनी नऊपैकी सहा जणी उरल्या. आया मात्र दोघीही टिकल्या.