न पोहोचवलेले बोलणे

एका माणसाचे बोलणे मी त्याच्यासमोरच बदलले, ही गोष्ट मी वर्षानुवर्षे लपवून ठेवली.

तेव्हा मी ओमानमध्ये, सीबला स्टोअरकीपर होतो. अरबी येत असल्याने, बोटीने चोरून किनाऱ्यावर उतरलेली माणसे सापडली की पोलीस मला दुभाषा म्हणून बोलावत. बहुतेक जण कामासाठी आलेले असत. पुढे पुढे मी त्यांचे उत्तर आधीच मनात तयार ठेवू लागलो.

एक अफगाण तरुण उर्दूत म्हणाला, "परत पाठवलं तर मला मारून टाकतील. इथल्या सूकमध्ये, बाजारात, माझा भाऊ शिंपी आहे, त्याला विचारा."

"काय म्हणतो?" अधिकाऱ्याने विचारले.

एवढे सगळे अरबीत जुळवण्याचा मला कंटाळा आला. "कामासाठी आलोय म्हणतो."

"खलास. परत पाठवा."

जाताना तो तरुण मला म्हणाला, "शुक्रिया, भाईजान."

त्यानंतर मी शिंप्यांच्या गल्लीत पाऊल टाकले नाही. ईदच्या सुट्टीतही खोलीत एकटाच बसून राही. कायमचा गावी परतण्याआधी मात्र विचारत विचारत त्या भावाचे दुकान गाठले. तो कापड बेतत होता.

"तुमच्या भावाचं बोलणं मी साहेबांना सांगितलंच नाही," मी म्हणालो. "मला माफ करा."