बडोदा–लंडन, पहिली फ्लाइट आणि आमचा दिनूदादा

माझ्या सख्ख्या भावाने मला लंडनच्या विमानात चढू दिलं नव्हतं.

बोर्डिंग पास माझ्या हातात होता. तो त्याने काढून घेतला आणि सगळ्यांसमोर फाडला.

आज सकाळी दिनूदादा गेला. दांडिया बाजारातल्या घरी, चहा पिऊन झाल्यावर, शांतपणे.

नव्या मित्रमैत्रिणींना हा किस्सा माहीत नसेल, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकात बडोद्याहून लंडनला विमान नेणारी एक नवी कंपनी निघाली होती. भाड्याने घेतलेलं एक जुनं विमान, एक एसी ऑफिस आणि वाटेत आखातात तेल भरायला थांबा. एवढंच भांडवल. पण आता मुंबईला जाऊन ताटकळायला नको, म्हणून अख्खं बडोदं खूश.

दादा तेव्हा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होता. पक्की नोकरी. ती सोडून तो या कंपनीत लागला. विमानात एकूण किती वजन चढलं ते काढायचं आणि त्या कागदावर सही करायची, हे त्याचं काम. त्या सहीशिवाय विमान हलत नाही.

बाबा भडकले. "खोकी मोजणारा तू, विमान काय मोजणार?"

"वजन ते वजन, बाबा."

मला इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. तिकीट शनिवारच्या पहिल्याच फ्लाइटचं.

सव्वीस वर्षांची होते. आमच्या घरातून परदेशी निघालेली पहिलीच.

आता आपल्या लोकांची करामत ऐका.

घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या तिकीट एजंटने प्रत्येक पॅसेंजरच्या कानात एकच मंत्र फुंकला होता. "बॅगनुं वजन थाय, माणसनुं नहीं."

मग काय विचारता! बॅगा सगळ्यांच्या नियमात. उरलेलं सगळं अंगावर.

आईने माझ्या कोटाला आतून नऊ खिसे शिवले होते. गोडा मसाला, मेतकूट, लोणचं, शेजारच्या काकींच्या तिकडच्या सुनेसाठी सुखडीच्या वड्या. मी त्या कोटात उभी राहिले की दारातून तिरकं होऊन जावं लागे.

आदल्या संध्याकाळी दादा घरी आला. खुंटीवरचा कोट त्याने एका हाताने उचलून पाहिला. परत टांगला.

दुसऱ्या दिवशी चेक-इनच्या काउंटरपुढे दादाच्या जुन्या कारखान्यातला वजनकाटा! टेम्पोत घालून आणलेला. माणसांनी त्यावर उभं राहायचं, कपड्यांसकट.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू. एका काकांच्या पोटाला लोखंडी तवा बांधलेला निघाला. एका बेनने तीन साड्या नेसल्या होत्या. हॉलमध्ये मसाल्यांचा आणि डब्यांचा ढीग लागला. त्यात माझे नऊच्या नऊ खिसे रिकामे झाले.

तरी वजन जास्तच भरत होतं.

कारण विमानच उशिरा आलं होतं. पहाटेची फ्लाइट भर दुपारवर गेली. मे महिना. तापलेल्या हवेत विमानाला उडायला जास्त धावपट्टी लागते, आणि आपली तेव्हाची धावपट्टी लहान, म्हणून वजन आणखी कमी करणं भाग होतं. दादाने सगळं कार्गो उतरवलं. तरी सात माणसं जास्त होत होती.

कंपनीचे साहेब घाम पुसत दादाला म्हणाले, "पवारजी, कागज़ पे एडजस्ट कर दो ना. बाहर प्रेसवाले खड़े हैं."

"काटे पे जो आया, वही लिखूँगा, सर."

मग सात जण कोण, यावरून भांडण. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची परीक्षा. एकही जण मागे हटेना.

दादा माझ्यापुढे आला. पास घेतला. फाडला.

"सौथी पहेलां मारी बेन रही जशे," तो सगळ्यांना म्हणाला. सगळ्यात आधी माझीच बहीण मागे राहील. आवाज चढवला नाही.

मी ओरडले, "दादा, माझी नोकरी जाईल!"

"माहीत आहे, सुमे."

मग एक म्हातारे काका उठले. मग एक जोडपं. पाच मिनिटांत सहा जण बाजूला येऊन उभे राहिले. दादाने सही केली.

विमान धावपट्टीच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन उडालं. मी ते बाहेरच्या रस्त्यावरून पाहिलं.

पुढचे दहा दिवस मुंबईहूनही सीट मिळाली नाही. लेस्टरची जागा दुसरीला गेली. मी इथल्याच एका हॉस्पिटलात लागले आणि तिथूनच रिटायर झाले.

कंपनी वर्षही टिकली नाही. साहेब सगळीकडे सांगत फिरले, पवारने पहिल्याच दिवशी कंपनीचं नाक कापलं. दादा मकरपुऱ्यात परत गेला, आधीपेक्षा खालच्या जागेवर. त्याने कधी तक्रार केली नाही.

आणि मी? मी तीन भाऊबीजा त्याला ओवाळलं नाही. तो दर वर्षी यायचा, पाटावर न बसता खुर्चीवर बसायचा, चहा घेऊन जायचा. चौथ्या वर्षी आई आजारी पडली आणि आम्ही कामापुरतं बोलायला लागलो. मग हळूहळू सगळंच बोलायला लागलो. तेवढं एक सोडून.

गेल्या महिन्यात मी शेवटी विचारलं. "खरं सांग. मी चढले असते तर विमान उडालं नसतं?"

"उडालं असतं. बहुतेक."

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांनीसुद्धा.

"मग?"

"बहुतेक म्हणून सही कशी करणार?"

"बरं, मग मीच का? एवढ्या लोकांत मीच दिसले तुला?"

त्याने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "बाकी कोणावर माझा हक्क नव्हता गं."

भाजीला फोडणी द्यायची आहे म्हणून उठले आणि आत जाऊन रडले. बाहेर आले तेव्हा त्याला झोप लागली होती. नंतर बोलू, म्हटलं. ते राहून गेलं.

दादा, हक्क होता तुझा.

नीट जा.